पुराणे लिहिण्याचा मक्ता कोणाचा?

गेल्या उन्हाळ्यात नांदेड जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आपल्या कार्यकर्त्यांचा दोन दिवसांचा अभ्यासवर्ग भरला होता. शेतमालाचे भाव, पीकविमा, रोजगार हमीची थकलेली मजुरी, जिल्हा परिषदेच्या शाळा असे विषय होते. शाळांवरील चर्चेत मी एक सूचना मांडली. तिसरी-चौथीच्या मुलांना आठवड्यातून एक तास स्वतःची पुराणकथा रचायला व लिहायला शिकवावे आणि हा आग्रह आपल्या पक्षाने धरावा, अशी ती सूचना होती. ती ऐकून एक तरुण साथी उठले आणि म्हणाले, "सर, पुराणातली वांगी पुराणात, असे आपणच गावोगाव सांगत आलो. आता तीच वांगी पोरांच्या वहीत लावायची काय?" मंडपात हशा पिकला. मीही हसलो. परंतु चहाच्या वेळी आणखी चार-पाच साथींनी तोच आक्षेप गंभीरपणे बोलून दाखवला. तेव्हा त्याचे उत्तर लेखी देणे मला भाग आहे.

आक्षेप सौम्य करून त्याला उत्तर देण्यात अर्थ नसतो. म्हणून तो आधी त्याच्या पूर्ण बळानिशी मांडतो. महाराष्ट्रात विवेकाची बाजू मांडणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात भर रस्त्यात गोळ्या घालून मारण्यात आले. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी त्यांनी आयुष्य वेचले, तो त्यांच्या मृत्यूनंतर विधिमंडळात संमत झाला. २०२४ च्या मे महिन्यात राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा आला. त्यात भगवद्गीतेचे अध्याय आणि मनाचे श्लोक यांच्या पाठांतराची सूचना होती आणि एका प्रकरणाच्या आरंभी मनुस्मृतीतील श्लोक छापलेला होता. अशा काळात पुरोगामी पक्षाने विज्ञानाचा तास वाढवून मागावा की पुराणकथांचा? देवादिकांच्या गोष्टी रचण्यात मुले रमली, तर आपण प्रतिगाम्यांचेच काम हलके करणार नाही काय?

या आक्षेपामागे एक गृहीतक दडलेले आहे. आपण पेरले नाही तर मुलाच्या मनात पुराणकथा उगवणारच नाही, असे ते गृहीतक. ते खोटे आहे, हे मी किल्लारीला शिकलो.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसराची जमीन हादरली. आदल्याच दिवशी गणेशविसर्जन झाले होते आणि गावे दमून झोपली होती. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील आठ ते दहा हजार माणसे त्या पहाटे गेली. मी तेव्हा नवा प्राध्यापक होतो. विद्यार्थ्यांची तुकडी घेऊन मदतकार्याला गेलो. काही आठवड्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये शाळा भरू लागल्या. तिथली मुले आम्हाला भूकंपाची कारणे सांगत. देव कोपला, गावात पाप वाढले होते, विसर्जनात काही चुकले. ही कारणे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हती आणि ती कोणी वर्गात शिकवलीही नव्हती.

वास्तविक माणसे मेली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माळवदाचे ओझे अंगावर कोसळल्यामुळे. गवताच्या हलक्या झोपड्यांत तेवढी माणसे दगावली नाहीत. पापाचेच फळ असते, तर ते भिंतीची जाडी मोजून आले नसते. आदल्या वर्षी, १९९२ साली, याच भागात भूकंपाचे धक्के बसलेले होते. ती सूचना मिळूनही वर्षभरात काय झाले, हा प्रश्न विचारण्याजोगा होता. पण पापाची कथा एकदा रुजली की असा प्रश्न कोणी विचारत नाही. प्रशासन सुटते, राज्यकर्ते सुटतात आणि मेलेल्यांच्याच माथी दोष येतो.

मी त्या मुलांना भूगर्भशास्त्रावर एक व्याख्यान दिले. त्यांनी ते मुकाट ऐकले. शेवटी एका मुलाने विचारले, "मग आमचंच गाव कशाला?" माझ्याकडे उत्तर नव्हते. विज्ञान भूकंप कसा होतो ते सांगते. 'आमच्याच वाट्याला का' हा प्रश्न त्यानंतरही मुलाच्या मनात उभा राहतो आणि ती जागा रिकामी राहत नाही. तिथे जो पहिला पोहोचतो, त्याची कथा बसते. आपले शिक्षण तिथे कधीच वेळेवर पोहोचलेले नाही.

आणि तिथे पोहोचणारे फक्त बुवा आणि महाराज असतात, अशा भ्रमातही साथींनी राहू नये. पुराणकथा रचण्यात शासनसंस्था कोणत्याही कीर्तनकाराला हार जाणारी नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरणातला उपयुक्त साठा संपला. लातूर शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली. मग मिरजेहून रेल्वेने पाणी आणले गेले. १२ एप्रिल २०१६ रोजी पहिली गाडी पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोहोचली. तिचे नाव काय ठेवले? 'जलदूत'. तहानलेल्या माणसाला पाणी मिळाले, ही चांगलीच गोष्ट झाली. पाणी भरणाऱ्या व वाहून आणणाऱ्या कामगारांचे श्रमही मी कमी लेखत नाही. पण हे नाव पाहा. दूत म्हटला की त्याला धाडणारा कोणी वरचा दयाळू आलाच आणि हात जोडून उभा राहणारा भक्तही आला. ज्या खोऱ्यात माणसांना प्यायला पाणी नाही, त्याच खोऱ्यात ऊस कोणाच्या धोरणाने वाढला आणि नदी कोणी प्यायली, हा प्रश्न त्या एका शब्दाखाली गाडला गेला. अगस्तीने समुद्र प्राशन केला, ही कथा आपण भाबडी म्हणून सोडून देतो. मांजरा प्राशन करणाऱ्यांची कथा मात्र कोणी लिहीत नाही, कारण लिहिणारे हात त्यांच्याच पंगतीला बसलेले असतात.

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी आहे. तेहेतीस वर्षे मी वर्गात एकच गोष्ट निरनिराळ्या शब्दांत शिकवली: समाजात उत्पादनाची साधने कोणाच्या हाती आहेत, ते आधी पाहा. जमीन, पाणी, कारखाना, पतपुरवठा यांचा हिशेब मी मांडला. एक साधन मात्र माझ्या हिशेबातून सुटले होते. जगाची कारणे सांगण्याचे साधन. गरीब गरीब का, बाई मागे का, एकाचे शेत ओलीत आणि दुसऱ्याचे कोरडे का, याची कारणमीमांसा ज्यांच्या कोठारात तयार होते, त्यांना बाकीची मालकी टिकवायला पोलीस फारसे लागत नाहीत. श्रमिकांच्या मुलाला आपण या मालाचा निव्वळ ग्राहक बनवून ठेवले आहे. मसुदाकार म्हणतात, जुना माल पाठ कर. आपण म्हणतो, तो माल टाकून दे. तू स्वतः घडव, असे त्याला कोणीच म्हणत नाही.

हे म्हणणारा एक माणूस आपल्याकडे होऊन गेला आणि त्याचे नाव आपण प्रत्येक सभेत घेतो. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली. अवतारकथा खोट्या आहेत एवढे म्हणून ते थांबले असते, तर त्या पुस्तकाची धार निम्मी राहिली असती. त्यांनी मत्स्यापासून परशुरामापर्यंतच्या कथा घेतल्या आणि जिंकलेल्यांच्या बाजूने पुन्हा सांगितल्या. पाताळात गाडलेला बळी त्यांनी रयतेचा राजा म्हणून उभा केला. तो उभा राहू शकला, कारण दिवाळीत ओवाळताना इथल्या आयाबहिणी बळीचेच राज्य मागत आल्या होत्या. आपल्या नांदेडात पीपल्स कॉलेजमध्ये शिकवताना नरहर कुरुंदकरांनीही हेच व्रत चालवले. महाभारत असो वा मनुस्मृती, ग्रंथ न जाळता आणि न पूजता तो उघडून भर सभेत तपासायचा. १९८२ साली ते गेले. प्रौढांसाठी झालेले हे काम मुलांपर्यंत आपण नेले नाही, इतकीच माझी तक्रार आहे.

मुलाच्या स्वतःच्या कथाविश्वातून अक्षरओळख करून देण्याचा प्रयत्न आपल्या परिसराला नवा नाही. आज नांदेड जिल्ह्यात असलेला किनवट तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानातील, पुढे हैदराबाद राज्यातील आदिलाबाद जिल्ह्यात होता. त्या जिल्ह्यात जंगल आणि जमिनीच्या हक्कासाठी उठलेले कुमराम भीम आणि त्यांचे साथी १९४० साली निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. बंडाने हादरलेल्या सरकारने क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला गोंडांचा अभ्यास करायला धाडले. त्यांच्या पुढाकाराने १९४३ साली मारलवाई या गोंड गावात शिक्षक-प्रशिक्षणाचे केंद्र निघाले. गोंड तरुण शिक्षक झाले आणि गोंडी भाषेत, देवनागरी लिपीत मुलांची पुस्तके तयार झाली. गोंडांच्या देवकथा आणि विधी टिपणारा हायमेनडॉर्फ यांचा ग्रंथ १९४८ साली निघाला. याच आदिलाबादेत मुलकी अधिकारी असलेले आणि निलंग्यात जन्मलेले सेतुमाधवराव पगडी गोंडी व कोलामी शिकले, त्या भाषांची व्याकरणे त्यांनी लिहिली.

निजामी सत्तेला हे औदार्य सुचले ते बंडानंतर, हे विसरू नये. तरी त्या कामाचे मोल आहे. पण त्याची मर्यादाही आज स्पष्ट दिसते. गोंडांच्या कथा विद्वानांनी टिपल्या, ग्रंथात बांधल्या आणि त्या ग्रंथालयात गेल्या. गोंडाचे मूल वाचायला शिकले. आपल्या देवाला आजच्या जंगल खात्यासमोर उभे करून नवी कथा लिहायला मात्र त्याला कोणी सांगितले नाही. माझी सूचना त्या राहिलेल्या पायरीची आहे.

ही पायरी चढून पाहिल्याशिवाय मी बोलत नाही. निवृत्तीनंतर दोन वर्षे एका जिल्हा परिषद शाळेत मी दर शनिवारी असा तास घेतो. शाळेतली निम्मी मुले ऊसतोडणी कामगारांची. दिवाळी सरली की आईबाप कोयता घेऊन कारखान्याकडे जातात आणि मुले आजीपाशी राहतात किंवा बैलगाडीत बसून निघून जातात. तासाचे नियम पाचच आहेत. आपल्या गावातली एखादी गोष्ट अशी का आहे, एवढाच प्रश्न घ्यायचा. उत्तर घरच्या बोलीत लिहायचे. लिहिलेले सर्वांपुढे वाचायचे. ज्याला पटले नाही त्याने प्रश्न विचारायचा, किंवा उलटी कथा लिहून आणायची. आणि गुण द्यायचे नाहीत.

चौथीतल्या एका मुलीने प्रश्न घेतला होता, माय दरसाल जाते आणि घर इथेच का राहते. तिची कथा थोडक्यात अशी. पहिल्यांदा घराला पाय होते. माय जिकडे जाई तिकडे घर तिच्या मागे चालत जाई, म्हणून कोणाचे लेकरू मागे राहत नसे. मग मुकादम आला. त्याने मायला उचल दिली आणि बदल्यात घराचे पाय ठेवून घेतले. माय दरसाल पाय सोडवायला जाते, पण परतताना उचल थोडी फिटायची राहते. म्हणून घर अजून बसूनच आहे.

आगाऊ मजुरी आणि बांधील श्रम यांवर मी अनेक वर्षे टिपणे उतरवून दिली. उचल म्हणजे नेमके काय गहाण पडणे, हे मला त्या कथेइतके नेमके कधी सांगता आले नाही. त्या मुलीला घराला पाय नसतात हे ठाऊक आहे. तिला फसवलेले नाही आणि ती कोणाला फसवीतही नाही. कुंभार स्वतः घडवलेल्या मडक्याला भीत नाही. ज्या मुलाने एकदा कथा घडवली, त्याला उद्या कोणी कथा ऐकवली की ती कोणी घडवली आणि कोणाच्या फायद्याची आहे हे विचारण्याची सवय लागते. वैज्ञानिक दृष्टिकोन म्हणून आपण जे शिकवू पाहतो, त्याची पहिली इयत्ता ही आहे.

आता दुसरी बाजूही सांगतो, कारण कार्यकर्त्यांपासून अडचण लपवू नये. एका मुलाने लिहिले, देवाने पाणी वाटले तेव्हा वरच्या आळीचे लोक पहाटे उठून गेले, म्हणून त्यांना विहिरी मिळाल्या. खालच्या आळीचे उशिरा उठले, त्यांना हंडाच मिळाला. मुलगा हुशार, कथा गोळीबंद आणि आशय शेकडो वर्षांचा शिळा. घरात ऐकलेले त्याने नव्याने रचले होते. माझ्या तोंडाशी वर्णव्यवस्थेवरचे व्याख्यान आले होते. एवढ्यात मागून खालच्या आळीतल्या एका पोराने विचारले, "उशिरा काहून उठले? रातभर तुमच्याच रानात दारं धरीत होते की." वर्ग गप्प झाला. पुढच्या शनिवारी दोघांनी मिळून कथा बदलून आणली. तीत देव स्वतः रात्री शिवारात येऊन पाहतो, कोण जागे आहे ते.

त्या दिवशी मी व्याख्यान दिले असते, तर पहिला मुलगा ओशाळला असता आणि दुसरा गप्पच राहिला असता. आक्षेप घेणाऱ्या साथींना मी एवढेच विचारतो, ती जुनी कथा त्या मुलाच्या मनात होतीच. ती वहीत आली म्हणून तिला उत्तर मिळाले. ती वहीत येऊच दिली नसती, तर तो मुलगा तीच घेऊन मोठा झाला असता. आपल्या सभेत टाळ्या वाजवूनही त्याने ती घरी जपली असती. अशी माणसे आपल्या पक्षात किती आहेत, हे आपण सारे जाणतो.

या मार्गात खरे अडथळे दोन आहेत. पहिला अडथळा गुणांच्या बाजारपेठेचा. लातूरचे नाव आज देशभर झाले आहे ते प्रश्नसंच पुन्हा पुन्हा सोडवून घेणाऱ्या 'पॅटर्न'मुळे. गरीब घरातली काही मुले त्यामुळे डॉक्टर-इंजिनिअर झाली, हे मी नाकारत नाही. पण तयार प्रश्नाला तयार उत्तर देण्याची ही तालीम आता प्राथमिक शाळेच्या उंबरठ्यापर्यंत खाली उतरली आहे. जिथे प्रत्येक प्रश्न दुसऱ्याने विचारलेला असतो, तिथे 'आमचंच गाव कशाला' हे कोण विचारणार?

दुसरा अडथळा सरकारचा. २०२३ साली शासनाने पाठ्यपुस्तकांत कोरी पाने घातली. वर 'माझी नोंद' असे लिहिलेले. मला क्षणभर आनंद झाला होता. मुलाच्या हाती सरकारी खर्चाने कोरे पान आले, ही लहान गोष्ट नव्हती. पण त्या पानावर मुलाने स्वतःचे काय लिहावे, याचा विचार कोणी केला नाही. दप्तराच्या वजनाची आणि वह्यांच्या खर्चाचीच चर्चा झाली. आणि २०२५ च्या जानेवारीत ती पाने बंद करण्याचा निर्णयही झाला. दरम्यान, २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचार पुढे आला. अशा शाळा राज्यात चौदा हजारांहून अधिक होत्या. तांडे, वाड्या, किनवट-माहूरचे पाडे यांच्या शाळा त्याच पटाच्या असतात. शाळाच दूर गेली तर चौथीतली ती मुलगी कथा लिहायला कुठे जाणार? म्हणून कथेचा तास आणि गावातली शाळा या दोन मागण्या माझ्या लेखी एकच आहेत.

एक इशारा आपल्यालाच देतो. हा तास हाती आला की आपल्यातले काही उत्साही साथी मुलांकडून लाल सूर्याच्या आणि मूठ आवळलेल्या शेतकऱ्याच्या कथा लिहून घेतील. तसे करू नये. जियान्नी रोदारी हे इटलीतील कम्युनिस्ट पत्रकार. मुलांनी कथा कशा रचाव्यात, यावर १९७३ साली त्यांनी ग्रंथ लिहिला. पक्षाचा माणूस असूनही मुलाच्या कल्पनेला त्यांनी पक्षाच्या शिस्तीत उभे केले नाही. मुलाच्या कथेत कारखानदार देव निघाला, तर निघू द्यावा. शेजारचे मूल त्याला प्रश्न विचारील. ते विचारील यावर आपला विश्वास नसेल, तर लोकशाहीवरही आपला विश्वास नाही असे समजावे.

करायचे काय, ते सांगून थांबतो. शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. नांदेड व लातूर जिल्ह्यांत आपले कार्यकर्ते आणि हितचिंतक अशा कितीतरी समित्यांवर आहेत. खिचडी आणि गणवेश यांखेरीज तिथे ते क्वचितच बोलतात. त्यांनी पुढच्या बैठकीत आठवड्यातल्या एका तासाचा ठराव मांडावा. खर्च प्रत्येक मुलामागे एक वही. शिक्षकावर अशैक्षणिक कामांचे ओझे आहे, हे खरे. म्हणून तासाला आपण स्वतः जाऊन बसावे. मुलांच्या कथा वर्षाअखेर ग्रामसभेत वाचल्या जाव्यात. ग्रामसभेत सरपंच असतील, मुकादमही असेल. आपल्यावरची कथा त्यांनी मुलाच्या तोंडून ऐकावी.

अभ्यासवर्गातील त्या तरुण साथींना मी शनिवारच्या तासाला येण्याचे निमंत्रण दिले आहे. वांगी त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावीत. वर्गात बसताना पहिली अट सर्वांना सारखीच आहे: आधी स्वतःची एक कथा लिहायची. गेल्या वेळी मला ती नीट जमली नाही आणि मुलांनी ती परत लिहायला लावली.